अरवाना आणि ऑस्करला ‘वेगवेगळं’ खायला घालायचं म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांचा गोंधळ व्हायचा नाही. तुम्ही बडोद्यात डांडिया बाजारात राहता. ६ बाय २ बाय २ फुटांच्या टाकीत दीड फुटाचा सिल्व्हर अरवाना आणि दोन पूर्ण वाढलेले ऑस्कर आहेत, दोन्ही मोठे शिकारी मासे. रोज तेच तेच नको म्हणून तुम्ही वार लावून ठेवलेत: सोमवारी चिकनचे तुकडे, मंगळवारी कलेजी, गुरुवारी बासा माशाचं फिले, शनिवारी पेटा (कोंबडीच्या पोटाचा जाड स्नायू) आणि रविवारी दुकानातून आणलेले जिवंत छोटे गोल्डफिश. अरवाना माशांच्या तयार खाद्याच्या गोळ्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. एका ऑस्करच्या कपाळावर बारीक खड्डे पडायला लागलेत. घर शाकाहारी, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये मासळी ठेवायची नाही, असं आईंनी बजावलंय. गोल्डफिशचा एक टब गच्चीवर भरलेला आहे. आणि तुम्ही विचारताय, या यादीत आणखी काय घालू?

काही घालू नका. आधी काढायचं काय ते बघू.

तुमच्या यादीत पाच नावं आहेत, पण चिकन, बासा आणि पेटा हे तिन्ही माशाच्या दृष्टीने जवळजवळ एकच आहे: साफ केलेला स्नायू. त्यात प्रथिनं भरपूर, बाकी फारसं काही नाही. रानातला शिकारी मासा भक्ष्य गिळतो तेव्हा त्याच्या पोटात नुसतं मांस जात नाही. आतडी, यकृत, डोळे, हाडं, कवच, शिवाय त्या भक्ष्याने सकाळी जे खाल्लं असेल तेही जातं. जीवनसत्त्वं बहुतेक त्या ‘घाणीत’ असतात, जी आपला मासळीवाला कापून कुत्र्यामांजरांना टाकतो. बहुतेक माशांना स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व बनवता येत नाही आणि स्नायूत ते नावापुरतं असतं. कमतरता फार दिवस राहिली तर कणा वाकडा होतो आणि जखमा भरत नाहीत. कॅल्शियमची मात्र एवढी चिंता नको. मासे ते कल्ल्यांतून थेट पाण्यातूनही घेतात आणि आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात त्याची वानवा नाही. अ, ड, ई, ब गटातली जीवनसत्त्वं पाण्यातून मिळत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात.

म्हणून मी विविधता मोजतो ती अशी: अख्खं जनावर किती वेळा गेलं आणि ते किती वेगळ्या कुळांतलं होतं. कवचाचं एक, हाडाचं एक, किड्यांपैकी एक. सात वारांना सात पदार्थ हवेत असंही नाही. महिनाभराचा हिशोब धरला तरी पुरतो.

आता चिकनबद्दल थोडं. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, तुमच्या टाकीचं २७. तिची चरबी त्या उष्ण शरीरासाठी घडलेली असते. माशाला ती नीट वापरता येत नाही, आणि मग ती आतड्यांभोवती आणि यकृतात साठत जाते. आठवड्यातून तीन-चार वेळा चिकन, कलेजी, पेटा खाणारे ऑस्कर वरून बघितले की गलेलठ्ठ दिसतात, मालक खूश असतो आणि एक दिवस मासा खाणं सोडतो. कलेजीत जीवनसत्त्वं खूप आहेत हे खरं, पण अ जीवनसत्त्वाचा अतिरेकही वाईटच. बोटाच्या पेराएवढा तुकडा महिन्यातून एकदा दिला तर हरकत नाही. बाकी कोंबडी घरातल्या माणसांसाठी ठेवा. म्हणजे, तुमच्याकडे तेही नाही.

गोल्डफिश आधी बंद करा. दोन कारणं आहेत आणि दुसरं कमी लोकांना ठाऊक असतं. पहिलं उघड आहे: ‘फीडर’ म्हणून विकले जाणारे मासे गर्दीत, आजारी पाण्यात वाढलेले असतात. पांढरे ठिपके, अँकर वर्म, माशांच्या उवा, कल्ल्यांतल्या जळवांसारख्या फ्लूक, सगळं फुकट घरी येतं. दुसरं कारण रासायनिक आहे. गोल्डफिश आणि कार्प यांच्या मांसात थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन मोडून टाकतं. एखाद्या वेळी खाल्लं तर काही होत नाही. नेमाने दिलं तर मासा आधी मंदावतो, मग तोल जातो, शेवटी झटके येतात. गोठवल्याने हे विकर मरत नाही, उकळल्याने मरतं. काही जातींच्या कच्च्या कोळंबीत आणि शिंपल्यांतही ते आढळतं, म्हणून कोळंबीही कितीही चांगली असली तरी एकटी कोळंबी नको. जिवंत भक्ष्य दिलंच पाहिजे, नाहीतर मासा ‘शिकार विसरेल’, असं दुकानदार सांगतात. विसरत नाही. बाहेरून उडत आलेला टोळ टाकीवर पडला की बघा.

मग पाया कशाचा? माझ्या देखभालीतल्या सगळ्या मोठ्या टाक्यांत पाया गोळ्यांचा असतो. हे ऐकून हौशी लोक नाक मुरडतात, कारण गोळ्या म्हणजे डबाबंद, आणि डबाबंद म्हणजे निकृष्ट अशी आपली समजूत. पण चांगली गोळी ही अख्ख्या माशांची भुकटी, कोळंबीची भुकटी आणि वर मोजून घातलेली जीवनसत्त्वं असते. पाकिटावर घटकांत पहिलं नाव फिश मीलचं हवं, गव्हाचं किंवा सोयाचं नको. प्रथिनं ४० ते ४५ टक्के असली की पुरे. अरवानासाठी तरंगणारी, ऑस्करना कुठलीही चालते. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. उघडल्यावर क जीवनसत्त्व हळूहळू उडून जातं, आणि आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत गोळ्यांना बुरशी धरते. वास खवट आला तर सरळ फेकून द्या, माशावर प्रयोग नको.

इथे एक हिशोब सांगतो, कारण गोळ्यांवर आलेले लोक इथेच फसतात. १०० ग्रॅम कोळंबीत सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात, बाकी बहुतेक पाणी. प्रथिनांत नायट्रोजन साधारण १६ टक्के, म्हणजे ३.२ ग्रॅम. तो सगळा फिल्टरमधून नायट्रेट (पाण्यात साठत जाणारं अपायकारक द्रव्य) होऊन बाहेर पडला तर १४ ग्रॅम नायट्रेट होतं. तुमच्या टाकीत प्रत्यक्ष पाणी ६०० लिटर धरलं तर लिटरमागे २४ मिलिग्रॅमची भर. आता १०० ग्रॅम गोळ्या घ्या, प्रथिनं ४५ टक्के: तोच आकडा ५३ मिलिग्रॅमवर जातो. वाढत्या वयाचा मासा यातला काही नायट्रोजन अंगात जिरवतो, पूर्ण वाढलेला मासा फार कमी. तेव्हा काल मूठभर कोळंबी देत होतात म्हणून आज मूठभर गोळ्या द्यायच्या नाहीत. तुमच्या तिघांचं वजन मिळून दोन किलोच्या आसपास असेल असं धरलं तर एका वेळी १५ ते २० ग्रॅम गोळ्या भरपूर झाल्या, आणि त्याही आठवड्यातून तीनदा. त्यावर एखादं कोळंबीचं जेवण धरलं तर आठवड्याला नायट्रेट लिटरमागे ४०–४५ मिलिग्रॅमने वाढू शकतं. म्हणून दर आठवड्याला निम्मं पाणी बदलायचं. महापालिकेचं पाणी असेल तर क्लोरीन काढून, बोअरचं असेल तर तापमान जुळवून.

‘रोज खायला न देता कसं चालेल?’ हा प्रश्न घरोघरी येतो, विशेषतः आज्यांकडून. आपल्या विश्वामित्री नदीतली मगर काही रोज दुपारी बाराला जेवत नाही. मोठ्या शिकाऱ्याचं पोट एकदा भरलं की पुढचे दिवस पचनात जातात. पूर्ण वाढलेल्या ऑस्करला आठवड्यातून चार वेळा पुरतं, दीड फुटी अरवानाला तीन-चार वेळा. रेडटेल कॅटफिशसारखा राक्षस असेल तर एक-दोनदा. वितीपेक्षा लहान पिल्लांना हे लागू नाही, त्यांना रोज दोनदा थोडं थोडं हवं. मागायला मासा नेहमीच येतो. ऑस्कर तर काचेला नाक लावून नाटक करण्यात पटाईत.

आता अरवाना गोळ्या खात नाही, याचं. खरं सांगायचं तर त्याला हे तुम्हीच शिकवलंय: नाही खाल्लं की चिकन मिळतं. निरोगी, दीड फुटी, भरलेल्या अंगाचा अरवाना आठवडा-दीड आठवडा उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही. लहान किंवा रोडावलेल्या माशावर मात्र हा उपाय करू नका. मी करतो ते असं: पाच-सहा दिवस पूर्ण उपास. मग सोललेल्या कोळंबीच्या तुकड्यात एक गोळी खुपसून द्यायची, एका वेळी एकच तुकडा, ठरलेल्या वेळी, दिवे लावून. दोन-तीन जेवणं तशी गेली की कोळंबीचा तुकडा लहान करत न्यायचा आणि गोळी मोठी. मग कोळंबीच्या पाण्यात भिजवलेली नुसती गोळी. दहा मिनिटांत खाल्ली नाही तर जाळीने काढून घ्यायची आणि दया दाखवायची नाही. घरातलं कोणीतरी मागून येऊन चिकनचा तुकडा टाकतं, तिथे सगळं मुसळ केरात, म्हणून सगळ्यांना आधी सांगून ठेवा. तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे: ऑस्कर. ते पृष्ठभागावर गोळ्यांसाठी झुंबड करतात आणि ते बघून अरवाना बहुतेक वेळा सैलावतो. एकटा ठेवलेला अरवाना यापेक्षा हट्टी असतो.

कोळंबी आणताना कवचासकट आणा. कवचातल्या रंगद्रव्यामुळे ऑस्करचा केशरी रंग खुलतो, आणि कवच पोटाला चोथा म्हणून उपयोगी पडतं. डोक्यावरचा करवतीसारखा काटा तेवढा कातरीने काढा, तो घशात रुततो. दक्षिण गुजरातमध्ये तळ्यांत वाढवलेली व्हेनामी कोळंबी आपल्याकडे सहज मिळते, ती चालते. पाकीटबंद गोठवलेली घेणार असाल तर मीठ किंवा फॉस्फेट घातलेलं नाही ना, ते मागे वाचून घ्या. अख्ख्या माशांत बोटभर लांबीची छोटी तिलापिया माझी आवडती, अर्थात मेलेली, गोठवलेली. तारली आणि बांगडा पौष्टिक आहेत, पण त्यांची चरबी फ्रीजरमध्येही खवट होते आणि खवट चरबी ई जीवनसत्त्व खाऊन टाकते. शिवाय टाकीवर तेलाचा तवंग येतो. द्यायचेच तर ताजे आणून लगेच द्या. विश्वामित्रीतून किंवा गावच्या तळ्यातून कोणी पकडून आणलेले मासे फुकट मिळाले तरी नकोत.

किडे हा तुमच्या यादीतला मोठा खड्डा आहे. सिल्व्हर अरवाना ॲमेझॉनच्या पुराने भरलेल्या जंगलातला, फांदीवरचे भुंगे आणि कोळी उडी मारून टिपणारा. ऑस्करही रानात किडे, कवचधारी, गोगलगायी आणि अधूनमधून फळंही खातो, नुसता मासेखाऊ नाही. बाजारात मिळणारे मीलवर्म गव्हाच्या कोंड्यात, गाजराच्या चकत्या टाकून, साध्या डब्यात वाढतात. फ्रीज लागत नाही, वास नाही, म्हणून शाकाहारी घरात हे सोयीचं. चरबी जास्त असते, तेव्हा आठवड्यातून एकदा मूठ नव्हे, चिमूट. कंपोस्टच्या बादलीत आपोआप येणाऱ्या काळसर-राखाडी जाड अळ्या तर उत्तमच, त्यांत कॅल्शियमही भरपूर. एक दिवस नुसत्या कोंड्यावर ठेवून, धुऊन द्या. गांडुळांत एक मेख आहे. गांडूळखताच्या पिशवीतले लाल गांडूळ चिडले की पिवळा कडवट द्रव सोडतात, बरेच मासे ते तोंडात घेऊन थुंकतात. पावसात बागेत वर येणारी मातकट गांडुळं मात्र आवडीने खातात, बागेत औषध मारलेलं नसलं म्हणजे झालं. घरातली झुरळं, पाली, बेडूक यांपैकी काहीही नको. झुरळाने कुठलं विष चाटलंय ते कळत नाही, पालीतून साल्मोनेला हा जिवाणू येतो आणि भेकासारख्या बेडकांच्या त्वचेत विष असतं.

फ्रीजचं काय करायचं, हे घरावर अवलंबून आहे. आईंशी वाद घालू नका, त्यांचं म्हणणं रास्त आहे. एक मार्ग म्हणजे गच्चीच्या जिन्यात जुना एकदारी फ्रीज. मांजलपूरच्या एका घरी आजींनी ‘माशांचं औषध’ अशी चिठ्ठी डब्यावर लावून घेतली आणि विषय संपला. दुसरा मार्ग फ्रीजच नको असा: पाया गोळ्यांचा, किडे डब्यातले, आणि कोळंबीऐवजी सोडे (सुकवलेली कोळंबी) रात्रभर भिजवून. सोडे खारवलेले नाहीत ना, हे चव घेतल्याशिवाय कळत नाही. तुम्ही नाही घेणार, तर चव बघायला शेजारच्या सीकेपींना द्या. बडोद्यात ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. एक आठवण: जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते आणि लगेच श्रावण येतो. फ्रीज असेल तर मेअखेरीसच दोन महिन्यांची बेगमी करून ठेवा, एका जेवणाच्या छोट्या पुड्या बांधून. एकदा सुटलेली पुडी परत गोठवायची नाही आणि सुटलेलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

ऑस्करसाठी घरीही एक वडी करता येते: कवचासकट कोळंबी, पांढरा मासा, थोडा वाफवलेला मटार आणि पालक वाटून चायना ग्रासमध्ये बसवायचं. चायना ग्रास उकळावंच लागतं, पण जीवनसत्त्वाचे थेंब मिश्रण हाताला सोसेल इतकं कोमट झाल्यावर, गोठायच्या आत घालायचे. उकळत्यात घातले तर वाया गेले. स्वयंपाकघरातला मिक्सर यासाठी वापरू नका, हे मी सांगायला नको.

तापमान विसरू नका. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना टाकी ३३–३४ला जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि पोट भरलेल्या माशाला तो जास्त लागतो. त्या दिवसांत निम्मं खाणं, तेही पहाटे, आणि हवेचा पंप चालू. जानेवारीत रात्री १२ अंशांवर येतात, हीटर बंद पडून पाणी २०च्या खाली गेलं तर खाणं थांबवा. पचन मंदावतं आणि पोटातलं अन्न तिथेच कुजतं. उत्तरायणाला सगळे दोन दिवस गच्चीवर असतात, माशांना कोणी विचारत नाही, आणि मासे ठणठणीत राहतात.

ऑस्करच्या कपाळावरचे खड्डे मी न बघता एकाच कारणावर ढकलणार नाही. साठलेलं नायट्रेट, जीवनसत्त्वांची कमतरता, आतड्यातले हेक्झामिटासारखे परजीवी, हे तिन्ही त्यात सापडतात आणि अनेकदा एकत्र. पहिली दोन कारणं तुमच्या हातात आहेत: आज निम्मं पाणी बदला, परवा पुन्हा थोडं, आणि खाणं वर सांगितलं तसं. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर मात्र परजीवींचा संशय घ्या आणि माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून मेट्रोनिडेझोलचं प्रमाण ठरवून घ्या. ते औषध खाण्यातून दिलेलं जास्त लागू पडतं, म्हणूनही मासा गोळ्या खायला लागणं महत्त्वाचं. नवे खड्डे पडायचे थांबले की पहिली लढाई जिंकली. जुने भरायला महिने लागतात, आणि खोल असतील तर व्रण राहतो.

सुरुवातीला तुमचा आठवडा असा दिसेल: सोमवार, बुधवार, शुक्रवार गोळ्या, रविवारी कवचासकट कोळंबी किंवा छोटा अख्खा मासा, बुधवारच्या गोळ्यांबरोबर अधूनमधून चिमूटभर अळ्या, उरलेले दिवस काहीच नाही. टाकी अरवानाला रुंदीत अपुरी पडणार आहे, दोन फुटांत त्याला वळता येणार नाही, पण तो वेगळा विषय आहे आणि तुम्ही विचारलेला नाही.

राहिला गच्चीवरचा गोल्डफिशचा टब. ते सूरसागरात नेऊन सोडायचे नाहीत, कुठल्याच तलावात किंवा नदीत नाहीत. दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका. घेत नसेल तर एक स्पंज फिल्टर लावा, टबाला सावली करा आणि गोल्डफिशच्या साध्या गोळ्यांवर सांभाळा. अरवानाच्या टाकीत मात्र त्यांची जाळी, पाणी, काहीच वापरू नका.